सुरगाणा-पेठच्या पाड्यांसाठी शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू करता येईल का?

डोंगरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या आषाढात नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर मला चार रात्री अडकून राहावे लागले. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. पहिल्याच रात्री वीज गेली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळच्या टॉवरची बॅटरी संपली आणि पाड्यावरचे सगळे फोन मुके झाले. ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेल्यामुळे एसटी येत नव्हती. घाट उघडा आहे का, पाऊस आणखी किती दिवस राहणार, वणीकडे जाणारा रस्ता खचला आहे की शाबूत आहे, यांतले काहीही कळायला मार्ग नव्हता.

ज्या घरी मी उतरलो होतो तेथील बाबांनी तिसऱ्या संध्याकाळी भिंतीतल्या कोनाड्यातून जुना ट्रान्झिस्टर काढला. त्याचे मागचे झाकण सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधलेले होते. दोन मोठे सेल त्यांनी आधी वैलापासून हातभर अंतरावर, नुसती ऊब लागेल असे ठेवले. दमलेला सेल उबेने तासभर तरी चालतो, हा त्यांचा अनुभव. एरियलला गुंडाळलेली तांब्याची तार वाशावरून बाहेर काढून जांभळीच्या फांदीला बांधलेली होतीच. मीडियम वेव्हवर एक मराठी केंद्र क्षणभर उमटले आणि दुसऱ्या कोणत्या तरी आवाजाखाली दबून गेले. मग त्यांनी बँड बदलला. शॉर्टवेव्हवर सुई थोडी सरकवताच चीनच्या रेडिओची हिंदी सेवा शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे इतकी स्वच्छ लागली. बाबा म्हणाले, “चीनवाले रोज येतात. आपलं कुणी येत नाही.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

जगात हा प्रश्न आपल्यापुढेच आला आहे असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे एबीसीने, ३१ जानेवारी २०१७ रोजी आपली शॉर्टवेव्ह सेवा बंद केली. त्यात दोन गोष्टी एकदम गेल्या. उत्तर प्रांतातील कॅथरिन, टेनंट क्रीक आणि ॲलिस स्प्रिंग्ज येथून देशांतर्गत दुर्गम भागासाठी होणारे प्रक्षेपण थांबले, आणि शेपर्टनहून पॅसिफिकमधील बेटांसाठी होणारे रेडिओ ऑस्ट्रेलियाचे प्रक्षेपणही थांबले. वर्षाला सुमारे १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर वाचतील, आणि श्रोत्यांना एफएम, उपग्रह व इंटरनेट हे पर्याय आहेत, असा संस्थेचा हिशेब होता. गुरे राखणारे, मच्छीमार, ट्रकचालक, दूरवरच्या आदिवासी वस्त्यांवरचे वनरक्षक यांच्या बाजूने त्याला कडाडून विरोध झाला. उपग्रहाची थाळी घराच्या छपरावर असते आणि गुराख्याचा दिवस घराबाहेर जातो, हे त्या विरोधाचे सार होते. सिनेटर निक झेनोफोन यांनी त्याच वर्षी शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू करण्याचे विधेयक मांडले, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही. पुढे रेडिओ ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही फ्रिक्वेन्सींवर चीनचा आंतरराष्ट्रीय रेडिओ ऐकू येऊ लागला, हे २०१८ मध्ये बातम्यांतून सर्वांसमोर आले. ते वाचताना मला पाड्यावरच्या बाबांचे वाक्य आठवले.

आपल्याकडे मुंबई आकाशवाणीचे प्रक्षेपण ४८४० किलोहर्ट्झवर, म्हणजे साठ मीटरच्या पट्ट्यावर, होत असे. माझ्या आजोबांच्या घरी पेठमध्ये ते सकाळी लागत असे, हे मला स्वतःला आठवते. आता त्या जागी नुसती खरखर असते. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागासाठी, विशेषतः पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी, असे एक मराठी शॉर्टवेव्ह प्रक्षेपण पुन्हा उभे करणे तांत्रिकदृष्ट्या आणि खर्चाच्या दृष्टीने शक्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना तंत्रज्ञ

डोंगरवाट, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. प्रक्षेपणाच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे थोडे लांबण लावतो, ते सांभाळून घ्यावे.

प्रथम तुमच्या पाड्यावर जे घडले त्याचे कारण. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. नाशिक शहरात लागणारे एफएम केंद्र सुरगाण्याच्या खोल दरीत लागत नाही, याचे कारण मधला डोंगर. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीला धरून सरकते, पण खडकाळ, डोंगराळ जमीन ती फार लवकर शोषून घेते. मुंबई सुरगाण्यापासून सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे, आणि पुणे व जळगाव दोन्ही दोनशेच्या पलीकडे आहेत. त्यामुळे दिवसा मीडियम वेव्ह क्षीण असते. रात्री ती आकाशातून परावर्तित होऊन येते खरी, पण तेव्हा दूरदूरची इतर केंद्रेही त्याच वाटेने येतात आणि एकमेकांवर चढतात. तुम्हाला दबलेला आवाज ऐकू आला तो यामुळे.

शॉर्टवेव्हची गंमत निराळी आहे. जमिनीपासून साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, जो थर आहे, त्यावर आपटून ती खाली परतते. चीनचे प्रक्षेपण असेच तिरकस कोनातून एक-दोन उड्या मारत येते. आपल्याला मात्र हजारो किलोमीटर जायचे नाही, तीनशे किलोमीटरच्या आतला प्रदेश हवा आहे. त्यासाठी ॲन्टेना अशी उभारतात की लहर जवळजवळ सरळ डोक्यावर जाते आणि शॉवरच्या पाण्यासारखी वरून खाली पडते. लहर वरून येत असल्यामुळे मधला डोंगर आड येत नाही आणि दरीच्या तळाशीही ती पोहोचते. मुंबईचे ४८४० नेमके हेच काम करीत असे. साठ मीटरचा हा पट्टा उष्ण कटिबंधातील देशांना देशांतर्गत प्रक्षेपणासाठी मुद्दाम राखून दिलेला आहे, तो याच कारणासाठी.

अशा ॲन्टेनाला आभाळाला भिडणारा मनोरा लागत नाही. ४८४० साठी अर्ध्या लहरीची तार सुमारे ३० मीटर लांब होते, आणि ती जमिनीपासून १२ ते १५ मीटर उंच आडवी ताणली की काम होते. मीडियम वेव्हच्या शंभर-दीडशे मीटरच्या मनोऱ्याशी तुलना करून पाहा.

अडचणीही सांगायला हव्यात. एकच फ्रिक्वेन्सी दिवसभर चालत नाही. भर दुपारी आयनांबराचा खालचा थर कमी फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, म्हणून दुपारी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास जावे लागते आणि सकाळ-संध्याकाळ ४ ते ५ मध्ये परतावे लागते. दुसरे असे की ज्या पावसाळ्यासाठी तुम्ही हे मागत आहात, त्याच काळात विजांचा कडकडाट साठ मीटरवर सर्वांत जास्त ऐकू येतो. मृगाच्या संध्याकाळी तर बोलणे निम्मे तुटते. म्हणून शक्ती पुरेशी लागते. माझ्या अंदाजाने १० किलोवॅटने सुरुवात करता येईल, पण गडगडाटातून शब्द स्पष्ट यायचे असतील तर ५० किलोवॅट हवेत. ५० किलोवॅटचा आधुनिक प्रक्षेपक सगळे सामान धरून ढोबळमानाने १०० किलोवॅट वीज ओढेल. रोज सहा तास चालवला तर ६०० युनिट, महिन्याला १८,००० युनिट. सार्वजनिक सेवेसाठी हा आकडा डोळे पांढरे करणारा नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

आमच्या बागेत पेठ-सुरगाण्याकडची माणसे छाटणीपासून खुड्यापर्यंत सहा महिने राहतात. मी त्यांना विचारले. वस्तीवर सात कुटुंबे आहेत आणि रेडिओ एकाही घरात नाही. सगळ्यांकडे मोबाईल आहेत, आणि गावाकडे गेल्यावर रेंज मिळवण्यासाठी टेकडीवर कुठे उभे राहायचे ते प्रत्येकाला पाठ आहे. डोंगरवाट यांची तळमळ मला पटते, पण प्रक्षेपण सुरू केले आणि ऐकायला संचच नसले तर उपयोग काय? शॉर्टवेव्ह असलेला रेडिओ नाशिकच्या मेन रोडवर शोधायला गेलो तर दोन दुकानांत फक्त एफएमचे डबे मिळाले.

पाड्यावरची शाळा

मी हरसूलच्या पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. द्राक्षबाग दादा, तुमचे म्हणणे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांबाबत खरे आहे. गावात मागे राहतात ते म्हातारे, आणि त्यांच्याच घरी जुने संच आहेत. आमच्या पाड्यावर मी मुलांकरवी मोजले, तर ४१ घरांत ६ रेडिओ निघाले. त्यांपैकी ४ चालू आहेत आणि त्यांतल्या ३ संचांना शॉर्टवेव्ह आहे. आकडा लहान आहे हे मला दिसते. पण पावसात अडकल्यावर एका ओसरीवरच्या एका संचाभोवती वीस माणसे बसतात. मोबाईलच्या बाबतीत तसे होत नाही, कारण तो एकाच्या कानाला असतो.

मला काळजी आहे ती विजांची. आवणीच्या वेळी बायका उघड्या खाचरात दिवसभर वाकलेल्या असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले, विजेचा इशारा देणारे दामिनी ॲप चांगले आहे. मी स्वतः वापरते. परंतु ते शाळेच्या ओट्यावर चालते आणि खाचरात चालत नाही, कारण खाचर उतारावर आहे आणि तिथे रेंज नाही. बांधावर ठेवलेल्या ट्रान्झिस्टरवरून “पुढच्या तीन तासांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत विजांसह पाऊस” एवढे एक वाक्य आले, तरी आमच्या बायका वेळेत घरी येतील.

आणि ते वाक्य कोकणा या इथल्या आदिवासी बोलीतही यावे. आमच्या आज्यांना बातम्यांची मराठी कळते, पण ती त्यांना सरकारी वाटते, आणि सरकारी वाटलेल्या गोष्टीवर त्या लगेच उठत नाहीत.

अनुप्रस्थ

मी माहिती तंत्रज्ञानात काम करतो आणि या मागणीशी असहमत आहे. कारणे थोडक्यात देतो. सरकारने २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजणाऱ्या आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली. ती यंत्रणा तालुका किंवा त्याहून लहान भाग निवडून इशारा देऊ शकते, आणि शॉर्टवेव्हला तो बारकावा कधीच साधणार नाही. बीबीसीने हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० ला बंद केले, कारण श्रोते दुसरीकडे गेले होते. आकाशवाणीने मीडियम वेव्हवर डिजिटल म्हणजे डीआरएम प्रक्षेपक पस्तीसच्या आसपास बसवले. त्याचे स्वस्त संच बाजारात आले नाहीत आणि गुंतवणुकीचा लाभ सामान्य श्रोत्यापर्यंत फारसा पोहोचला नाही. तीच चूक पुन्हा करण्याऐवजी टॉवरना दुप्पट क्षमतेच्या बॅटऱ्या आणि सौर पॅनेल द्यावेत. किंवा सामुदायिक रेडिओ काढावा. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही तो काढता येतो, आणि म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी अनेक वर्षे उत्तम चालली आहे.

जुना तंत्रज्ञ

अनुप्रस्थ, टॉवरच्या बॅटऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ते व्हावेच, आणि आधी व्हावे.

सामुदायिक रेडिओबद्दल मात्र एक दुरुस्ती. त्याला १०० वॅट प्रभावी शक्ती आणि ३० मीटर उंचीच्या ॲन्टेनाची मर्यादा आहे. माणदेशाच्या उघड्या माळावर त्यातून बऱ्यापैकी अंतर गाठता येते. पेठ-सुरगाण्यात तेच केंद्र पहिल्या डोंगराच्या कुशीत अडते, आणि प्रत्येक खोऱ्याला वेगळे केंद्र काढावे लागेल. शिवाय त्याला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्याच बातम्या घ्याव्या लागतात.

डीआरएमविषयी तुमचे निरीक्षण रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचा आहे. डिजिटल संकेत ठरावीक पातळीखाली गेला की आवाज पूर्ण थांबतो. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात संकेत कमजोर झाला की खरखर वाढते, तरी कान लावणाऱ्याला “पूल”, “पाणी”, “बंद” हे शब्द कळतात. आपत्तीत माणूस असाच ऐकतो. म्हणून दुर्गम भागासाठी मी साधेच प्रक्षेपण मागेन. त्याला घरातला चाळीस वर्षांचा संचही चालतो.

यंत्रणा दुहेरी का हवी याचे अलीकडचे उदाहरण टोंगाचे आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातील ज्वालामुखीचा स्फोट झाला, बेटांना जगाशी जोडणारी समुद्रतळाची केबल तुटली आणि ती जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. त्या काळात बाहेरच्या जगाचा आवाज आत पोहोचवायला न्यूझीलंडचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण उपलब्ध होते. न्यूझीलंडने त्यानंतर ती सेवा गुंडाळली नाही, उलट रांगिटाइकी येथे नवा १०० किलोवॅटचा प्रक्षेपक बसवला. आणि ज्या बीबीसीचा दाखला तुम्ही दिलात, त्याच बीबीसीने मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी रोज चार तासांचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण नव्याने सुरू केले. गरज पडली तेव्हा त्यांच्याकडे प्रक्षेपक आणि चालवणारी माणसे शिल्लक होती. आपण दोन्ही विखरू दिली, तर गरजेच्या दिवशी कोणाला हाक मारणार, हा माझा प्रश्न आहे. वाल्व्ह बदलणारे, तारेचा ताण हाताने ओळखणारे माझ्या पिढीतले लोक आता सत्तरीत आहेत.

डोंगरवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. शाळेच्या ताईंनी केलेली मोजणी वाचून मला माझ्या मांडणीतील उणीव कळली. मी प्रक्षेपणाचा विचार केला, संचांचा केला नाही.

अनुप्रस्थ यांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: फोनवरचा इशारा जितका नेमक्या गावासाठी देता येतो तितका शॉर्टवेव्हवरून देता येणार नाही. पण त्यांच्या “श्रोते दुसरीकडे गेले” या वाक्यावर मी अडखळतो. श्रोते मोजले जातात ते शहरात, पाहणी करणारा माणूस पोहोचू शकतो तिथे. ज्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही अशासाठी चालवलेली सेवा, त्याच्याकडून उत्तर आले नाही म्हणून बंद करायची, हे मला न्यायाचे वाटत नाही. ऑस्ट्रेलियातही नेमके यावरच बोट ठेवले गेले होते. आजोबांच्या घरचा रेडिओ आम्ही भंगारात दिला, तो बिघडला म्हणून नव्हे, तर त्यावर आपले काही लागेनासे झाले म्हणून. तेव्हा आम्हाला कोणी विचारायला आले असते, तर आम्हीही “रेडिओ ऐकत नाही” असेच सांगितले असते.

अर्ज करायचा म्हणून माझी मागणी आता अशी नेमकी करतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने रोज तीन वेळा: पहाटे साडेपाचला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला प्रत्येकी अर्धा तास. त्यात हवामान, धरणांचे विसर्ग, घाटांची व एसटीची स्थिती, आरोग्याच्या सूचना. मराठीत आणि एकदा कोकणा बोलीत. सोबत प्रत्येक पाड्यावर शाळा, अंगणवाडी आणि आशाताई यांच्याकडे मिळून तीन संच, सेलवर आणि हाताने फिरवायच्या चार्जरवर चालणारे. जुने तंत्रज्ञ काका, दीड तासाच्या प्रक्षेपणाला खर्च किती कमी होईल?

जुना तंत्रज्ञ

विजेचा खर्च सरळ एक चतुर्थांशावर येईल; ६०० ऐवजी दिवसाला १५० युनिट. माणसांचा खर्च मात्र तसा उतरत नाही, कारण अर्ध्या तासासाठीही पाळी लावावी लागते. पहाटे साडेपाचची वेळ योग्य निवडलीत. पण त्या वेळी ४८४० च्याही खाली, साडेतीन मेगाहर्ट्झकडे जावे लागण्याचा संभव आहे, कारण पहाटे आयनांबर सर्वांत विरळ असते आणि जास्त फ्रिक्वेन्सी डोक्यावरून आरपार निघून जाते. हे कागदावर ठरवू नये. आधी ऐकून पाहावे.

ताई, तुमच्याकडच्या तीन चालू संचांपैकी एकावर आठवडाभर नोंद ठेवता येईल का? वेळ, मीटर, काय लागले, किती स्पष्ट, आणि गडगडाट होता की नाही. जवळ एलईडी दिवा किंवा मोबाईलचा चार्जर चालू असेल तर तो बंद करून ऐकावे. त्यांची भुणभुण खऱ्या संकेताला झाकते.

द्राक्षबाग_दिंडोरी

माझा आक्षेप संचांबद्दल होता, आणि त्यावर डोंगरवाट यांनी विचार केला, हे चांगले झाले. ताईंच्या पाड्यासाठी पहिले तीन संच आणि वर्षभराचे सेल मी देतो. मेन रोडवर नाही तर मुंबईत शोधेन. आमच्याकडची एक आजी, गुलाबी थंडीत बागेत शेकोटीजवळ बसून कोकणा बोलीत गोष्टी सांगते. तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा, असे आता मनात आले आहे.

पाड्यावरची शाळा

काका, सात दिवसांची नोंद खाली देते. संच पाटलांच्या ओसरीवरचा, तार आंब्याला बांधलेली, चौथीच्या दोन मुली वहीत लिहीत होत्या.

पहाटे साडेपाच: ४१ मीटरवर (म्हणजे काकांनी सांगितलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या आसपास) सातही दिवस दूरदेशीची केंद्रे, दोन हिंदी आणि बाकीच्या भाषा ओळखता आल्या नाहीत. ६० मीटरवर नुसती स्थिर, मंद खरखर, आवाज नाही.

दुपारी एक: ६० मीटर पूर्ण शांत. ४१ वर एकच केंद्र, क्षीण.

संध्याकाळी सात: ३१ आणि ४१ वर गर्दी. बुधवारी आणि गुरुवारी पाऊस होता आणि दर मिनिटाला सात-आठ कडकडाट येत होते, तरी ४१ वरचे हिंदी बोलणे मुलींनी बरेचसे लिहून घेतले. मीडियम वेव्हवर मराठी बातम्या सातपैकी दोनच दिवस कळल्या.

सातही दिवसांत शॉर्टवेव्हवर मराठीचा एक शब्दही लागला नाही. मोठ्या मुलीने त्या रकान्यात रोज न चुकता “मराठी – नाही” असे लिहिले आहे, आणि पुढच्या आठवड्याची पाने आखून ठेवली आहेत. वहीची छायाचित्रे डोंगरवाट दादांना पाठवते, अर्जासोबत जोडावीत.